दुसऱ्या चपलेचा प्रश्न

अपंगांसाठी देणगीतून आलेल्या साधनांचे अहवाल आम्ही काही वर्षे जमतील तसे वाचत आलो आहोत. त्यांत एक आकडा हमखास सापडतो: इतक्या तीनचाकी सायकली, इतके कृत्रिम पाय, इतके जोड चपला वाटल्या. वाटपानंतर दोन वर्षांनी त्यांतली किती साधने वापरात होती, हा दुसरा आकडा मात्र क्वचितच दिसतो. शाळेच्या निकालपत्रात पटसंख्या द्यावी आणि उत्तीर्णांची संख्या गाळावी, तसा हा प्रकार आहे. देणगीदारांच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीविषयी, कारण या पद्धतीमुळे तंत्रज्ञान म्हणजे एक वस्तू, आणि वस्तू हातात पडली की काम संपले, अशी समजूत पक्की होत जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) ही समजूत तपासून पाहायला फार योग्य जागा आहे. जंगल, भाताच्या बांध्या, पावसाळ्यात पुलांवरून वाहणाऱ्या नद्या, आणि त्याच प्रदेशात कुष्ठरुग्णांच्या व अपंगांच्या पुनर्वसनाचा सत्तर वर्षांहून अधिक जुना अनुभव. वरोऱ्याजवळचे आनंदवन १९५१ मध्ये वसले, भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि गडचिरोलीची 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये. तिघांच्याही कामात बाहेरचा पैसा कमीअधिक प्रमाणात आला आहे.

आधी एका यशस्वी देणगीची गोष्ट सांगायला हवी, नाही तर टीका एकांगी होईल. कुष्ठरोगावरची बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. १९९५ पासून पाच वर्षे जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने आणि २००० पासून नोव्हार्टिस या कंपनीने ही औषधे जगभर फुकट पुरवली. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने गोळ्या घेतल्या की जंतू संपतात. भारतात डिसेंबर २००५ मध्ये नोंदीतील रुग्णांचे राष्ट्रीय प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले, त्यात या फुकट गोळ्यांचा मोठा वाटा होता. देणगीचे तंत्रज्ञान इथे पूर्णपणे लागू पडले.

मग तेच देणगीचे तत्त्व चपलेला का लागू पडत नाही? गोळी पोटात गेली की तिचे काम पुरे होते. तिला दुरुस्ती लागत नाही, तिचे माप घ्यावे लागत नाही, ती चिखलात फसत नाही. चप्पल झिजते. आणि जंतू मेले तरी आधीच मेलेले मज्जातंतू बहुधा परत जिवंत होत नाहीत, त्यामुळे 'बरा झालेला' माणूस उरलेले सगळे आयुष्य बधिर पायांनी चालत असतो. २००५ ची घोषणा झाली म्हणून त्याच्या तळव्यांना संवेदना आली नाही. देणगीदारांचे लक्ष मात्र अशा घोषणांनंतर दुसरीकडे वळते. आजही महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत हे दोन्ही मोडतात.

बधिर पायाचे विज्ञान शिक्षकांना वर्गात सहज शिकवता येण्याजोगे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळू. कुष्ठरोगात बोटे 'झडतात', मांस 'सडते', अशी पूर्वी डॉक्टरांचीही समजूत होती. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या जखमा एकेक करून तपासल्या आणि त्या जवळजवळ सगळ्या साध्या कारणांनी झालेल्या आढळल्या: भाजणे, कापणे, टोचणे आणि रोजचे चालणे. शेवटचे कारण सगळ्यांत बेमालूम. साठ किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा असतो तेव्हा तळव्यांचे टेकलेले क्षेत्रफळ समजा २४० चौरस सेंटिमीटर भरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर पाव किलो भार पडतो. चालताना टाच उचलली की शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार एकट्या चवड्यावर येतो. चवड्याचा टेकलेला भाग ४० चौरस सेंटिमीटर धरला, तर हाच आकडा दीड किलोच्या वर जातो. बोटे वाकडी झाली किंवा गळली, भार एकाच हाडाच्या टोकावर येऊ लागला, तर तो आणखी दुपटीने वाढतो. चपलेत खडा शिरला असेल तर गणित मुलांनीच करावे.

या दाबाने कातडी एका पावलात फाटत नाही. ती फाटते पुनरावृत्तीने. रानात जाऊनयेऊन दहा किलोमीटर चालणारा माणूस, पाऊल सत्तर सेंटिमीटरचे धरले तर, प्रत्येक पाय सात हजारांवर वेळा टेकवतो. आपला पाय दुखू लागला की आपण नकळत चाल बदलतो, थोडे लंगडतो, भार टाचेवरून कडेवर घेतो. बधिर पायाचा माणूस सात हजारावे पाऊलही पहिल्यासारखेच टाकतो. पुढे अमेरिकेतील कार्व्हिल येथे ब्रँड यांनी उंदरांच्या तळव्यांवर मोजका दाब हजारो वेळा देऊन पाहिले. जो दाब एकदा दिला तर निरुपद्रवी, तोच दिवसामागून दिवस दिला की आधी सूज आणि मग जखम, हे त्यांना तिथे दिसले.

यावरचा उपाय म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. या रबरात हवेच्या बारीक बंद पोकळ्या असतात. भार पडला की ते दबते, तळव्याचा अधिक भाग टेकतो, क्षेत्रफळ वाढते आणि दाब उतरतो. पण ते फार मऊ असेल तर तळाशी जाऊन बसते आणि कडक झाले तर उपयोग शून्य. कार्यकर्त्यांची कसोटी सोपी आहे: अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून जोराने दाबले की जाडी साधारण निम्मी व्हावी आणि सोडताच पूर्ववत व्हावी. याच्या खाली काटा आत येऊ न देणारा कडक रबराचा तळ हवा, बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही म्हणून मागे पट्टा हवा, आणि खिळा एकही नको, कारण वर आलेला खिळा आत रुतला तरी चालणाऱ्याला समजणार नाही. ज्या दुकानात साधे चामडे शिवतात तिथे थोड्या शिकवणीने ती तयार होऊ शकते.

आता देणगीच्या चपलांकडे पाहू. ठरावीक मापांत, एका रंगात, एका घाटाची चप्पल शेकड्यांनी बनवली की स्वस्त पडते आणि वाटपाच्या छायाचित्रात छान दिसते. पण गावात तीच चप्पल 'त्या रोगाची' म्हणून ओळखली जाते. जी वस्तू पायात घातली की रोग जाहीर होतो, ती माणूस घरी ठेवतो आणि बाजारची पातळ स्लिपर घालून आठवडी बाजाराला जातो. यात अडाणीपणा कसला? रूढीने वाळीत टाकले जाण्याची भीती जखमेच्या भीतीपेक्षा मोठी आहे आणि माणसाने दोन्हींचे वजन करून निर्णय घेतला आहे. शिवाय रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात चिकटपट्टीचे बंद निकामी होतात. आणि सगळे ठीक असले तरी रोज चालणाऱ्याच्या पायातले हे रबर काही महिन्यांत दबून बसते. पहिली चप्पल देणगीदाराने दिली. दुसरी कोण देणार, कोण बनवणार, की फाटलेला पट्टा शिवायला एटापल्लीहून चंद्रपूर गाठायचे? आमच्या मते परीक्षा इथे आहे आणि बहुतेक प्रकल्पांचा अहवाल याच्या आधीच संपलेला असतो.

तंत्रज्ञान जितके चतुर तितका हा प्रश्न सुटतो, असे वाटत असेल तर ब्रँड यांच्याच आयुष्यातला दुसरा प्रयोग आठवावा. अमेरिकन सरकारच्या अनुदानावर त्यांनी कार्व्हिल येथे अभियंत्यांच्या मदतीने कृत्रिम वेदनायंत्रणा बनवायला घेतली. हातमोज्यात आणि बुटात दाब ओळखणारे संवेदक बसवायचे, धोकादायक दाब आला की इशारा द्यायचा. आधी कानात आवाज देऊन पाहिला. लोकांनी तो ऐकला आणि काम पुढे चालू ठेवले. मग संवेदना शाबूत असलेल्या काखेत विजेचा झटका दिला. त्यावर लोकांनी अवघड काम करायचे असले की यंत्र बंद केले, काम उरकले आणि पुन्हा चालू केले. संवेदक महाग होते, सारखे बिघडत होते, वाकवले की तुटत होते. काही वर्षांनी ब्रँड यांनी प्रकल्प सोडला आणि हे अपयश त्यांनी स्वतःच्या पुस्तकात सविस्तर लिहून ठेवले. आमच्या मते त्या अनुदानाचे सर्वांत मोलाचे फलित हेच. देणगीदाराला अपयशाचा असा सविस्तर अहवाल देण्याची मुभा आपल्याकडील किती संस्थांना असते? पुढच्या वर्षीचे पैसे यशावर अवलंबून असले की अपयश लपते आणि तेच अपयश शेजारच्या तालुक्यात पुन्हा विकत घेतले जाते.

कृत्रिम पायाची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथे बनलेला आणि जगभर पोचलेला 'सॅच' पाय बुटासाठी घडवलेला होता. घोटा घट्ट, टाचेत मऊ पाचर. फरशीवर बुटात तो उत्तम चालतो. पण त्या पायाने उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अनवाणी बांधीत उतरता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडून पुडे बांधणे ही कामे खाली वाकून, उकिडवे बसूनच होतात. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबर आणि लाकूड यांचा जो पाय बनवला, तो या बसण्या-उठण्याच्या सवयींतून जन्मला. तो सर्व बाजूंना वाकतो, पाण्यात चालतो, बुटाशिवाय वापरता येतो. पायाच्या आकाराचा साचा आणि रबर भाजण्याची भट्टी या कारागिराच्या हातच्या गोष्टी होत्या. इथे डॉक्टर आणि कारागीर या दोघांनीही वापरणाऱ्याचे ऐकले.

तरीही जयपूर पायाच्या नावाने भरणाऱ्या प्रत्येक शिबिराला आम्ही निमूट टाळ्या वाजवणार नाही. पाय कापल्यानंतर उरलेला खुंट पहिल्या काही महिन्यांत आकसतो. त्याच्या मापाची वाटी मग सैल होते, घासते आणि जखम करते. वाढत्या मुलाची वाटी तर दर वर्षी बदलावी लागते. एका दिवसात माप, जोडणी आणि चालून दाखवणे उरकणारे शिबिर ही सुरुवात म्हणून फार चांगली गोष्ट आहे. पण सहा महिन्यांनी तेच पथक त्याच गावी परत येणार नसेल, तर वाटी फेकून माणूस पुन्हा काठीवर येतो आणि नोंदवहीत मात्र तो 'पुनर्वसित' राहतो. शाळांतही असेच घडते. मोजमापाचे शिबिर एका सत्रात आणि साधनांचे वाटप पुढच्या सत्रात झाले, तर मधल्या काळात मूल वाढलेले असते, आणि आलेले कॅलिपर त्याला नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याला बेतलेले असते.

चाकाच्या खुर्च्यांबाबत दोन ओळी पुरेत. २००१ मध्ये एका अमेरिकन अभियंत्याने बागेतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि सायकलीची चाके जोडून स्वस्त खुर्ची बनवली आणि पहिल्या खुर्च्या चेन्नईत आणल्या. पुढे अशा लक्षावधी खुर्च्या जगभर गेल्या. एकाच मापाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला शय्याव्रण होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून जाणकारांनी तिच्यावर टीका केली आणि संस्थेने पुढे माप बदलता येणारी खुर्ची काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. खुर्ची हातात देणे ही त्यांतली शेवटची पायरी नव्हे. शेवटी येते ती देखभाल, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी. वैद्यकीय उपकरणांची स्थितीही निराळी नाही. सोळा देशांतील एक लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद आढळली.

परदेशी पैसा आला की असे होणारच, असे कोणी म्हणेल. इथलाच अनुभव तसे सांगत नाही. १९५० च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी तरुण आनंदवनात आले, कुष्ठरुग्णांबरोबर राबले आणि इमारती उभ्या करून गेले. हेमलकशाचा पहिला छोटा दवाखाना १९७५ च्या सुमारास स्विसएड या स्विस संस्थेच्या मदतीने बांधला गेला. भिंती आणि छप्पर यांना सुटे भाग लागत नाहीत आणि गवंडी तालुक्यात मिळतो. वीज यायला तिथे पुढे कित्येक वर्षे गेली. विजेवरचे एखादे चकचकीत यंत्र त्या काळी देणगीत आले असते तर ते धूळ खात पडले असते. आनंदवनातही चपला आणि तीनचाकी सायकली तिथल्याच कार्यशाळेत, तिथल्याच माणसांच्या हातून बनत आल्या, संधिनिकेतनात अपंगांना हाताचे काम शिकवले गेले. दानापेक्षा काम मोठे हा बाबा आमट्यांचा आग्रह आपण सहसा नैतिक अंगाने सांगतो. त्याला एक रोकडे तांत्रिक अंगही आहे: जो वस्तू बनवतो तो ती दुरुस्त करू शकतो.

इथे आमचा एक आक्षेप आनंदवनाचे गोडवे गाणाऱ्यांवर आहे. वसाहतीतली कार्यशाळा वसाहतीत राहणाऱ्याला हाताशी असते. भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावर, गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक लांब, पर्लकोटेच्या पुरात जिथला रस्ता दिवसचे दिवस बंद राहतो, तिथल्या माणसाला तिचा उपयोग किती? आनंदवन हे उत्तर म्हणून दाखवून मोकळे होणे म्हणजे शासनाच्या प्रत्येक तालुका रुग्णालयात एक शिवणकाम जाणणारा माणूस, एक शिवणयंत्र आणि रबराचा साठा का नाही, हा प्रश्न टाळणे.

स्थानिक आणि स्वस्त ते सारे खरे, असेही मानायला आम्ही तयार नाही. 'सर्च'ने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. पक्षाघात हे तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सुमारे १४ टक्के, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. जे वाचतात त्यांतले अनेक अर्धांग लुळे पडून घरी असतात, आणि फिजिओथेरपिस्ट त्यांच्या आसपास नसतो. श्रीमंत देशांत यासाठी हाताला व्यायाम देणारे यंत्रमानव आले आहेत. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर त्यांची चाचणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामात फरक पडला नाही. मग घरच्यांनाच व्यायाम शिकवावा, ही कल्पना आपल्याला सहज पटते. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तीही तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की नेहमीच्या उपचारांपेक्षा या शिकवणीने मृत्यू किंवा परावलंबन कमी झाले नाही. महागडे यंत्र आणि घरगुती शहाणपण, दोघांनाही एकाच चाळणीतून जावे लागले आणि दोघेही अडकले. शिकवणी कमी पडली, की सुरू व्हायला उशीर झाला, की घरच्यांना मजुरी सोडून वेळच नव्हता, हे पुढच्या संशोधनाने सांगायचे आहे. अशा चाचण्यांना देणगी देणारे थोडे, कारण चाचणीला नावाची पाटी लावता येत नाही.

शिक्षकांच्या हातात यातले काय आहे? बरेच. साधन मिळालेले मूल वर्षभर ज्यांच्या डोळ्यांसमोर असते ते शिक्षकच असतात. देणगीदार, अधिकारी आणि आमच्यासारखे प्रयोगशाळेत बसणारे नव्हे. एका वहीत चार रकाने आखावेत: साधन मिळाल्याची तारीख, पहिल्यांदा मोडल्याची तारीख, दुरुस्त होऊन परत आल्याची तारीख, आणि मुलाने ते वापरणे सोडले असल्यास त्याच्याच शब्दांत कारण. विज्ञानाच्या तासाला मोठ्या मुलांनी आलेखाच्या कागदावर शाईचे पाऊल उमटवून चौकोन मोजावेत, दाब काढावा, मग बाजारातली स्लिपर आणि मिळाल्यास मायक्रोसेल्युलर रबराचा तुकडा अंगठ्याने दाबून पाहावा. कॅलिपरचा पट्टा नेमका कुठे तुटतो हे गावातल्या चांभाराला विचारून यावे. तो बहुधा पट्टा हातात घेण्याआधीच सांगेल. तिसरा रकाना कोरा राहिलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि पुढच्या वर्षी वाटपाचे पत्र येईल तेव्हा त्या नोंदींची प्रत उत्तरासोबत जोडावी.